नवी विटी, नवं राज्य आणि जुनी बोटं



कचेरीच्या खिडकीवर पूर्वी एक वाक्य हमखास ऐकू यायचं, "साहेब मीटिंगला गेलेत." आता त्याच्या जोडीला दुसरं आलंय, "नवीन व्हर्जन आलंय, बटण कुठं गेलं सापडंना." आत बसलेला माणूस पडद्यावर बोट फिरवत राहतो, बाहेरचा माणूस बसचा टाइम बघत राहतो. दोघंही वैतागलेले. आणि ज्यानं बटण हलवलं तो बसलाय पुण्यात, दिल्लीत नाहीतर अमेरिकेत. त्याला ही खिडकी माहीतच नाही.

या वैतागाला आपण 'कॉम्प्युटरचा त्रास' म्हणून मोकळे होतो. पण आपल्या मराठवाड्यात कचेरीचं पान बदलायचा इतिहास कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी सुरू होतो. 'नवी विटी, नवं राज्य' ही म्हण आपल्याकडं नुसती खेळापुरती राहिली नाही. इथं राज्य बदललं तेव्हा विटी बदलली, आणि राज्य तेच राहिलं तेव्हाही विटी बदलतच राहिली.

मी पोखर्णीचा. परभणी-गंगाखेड रस्त्यावरचं, नृसिंहाच्या दर्शनाला लोक येतात ते गाव. परभणीला टायपिंग शिकलो आणि तेव्हापासून लोकांचे अर्ज, ठराव, उतारे करून देतो. त्यामुळं ही गोष्ट मी एकाच कागदाच्या आधारानं सांगणार आहे. तो कागद म्हणजे आपला सातबारा.

उर्दू, फसली आणि हाली

निजामाच्या राज्यात 1880 च्या दशकापर्यंत दरबारची भाषा फारसी होती. मग उर्दू आली. म्हणजे पहिली विटी तेव्हाच बदलली. गावात पटवारी मोडीत-मराठीत लिहायचा, वरच्या दफ्तरात कागद उर्दूत जायचा. साल फसली. हैदराबादचा जमीन महसूल कायदा 1317 फसलीचा म्हणतात, तो आपल्या हिशेबानं 1907 चा. फसलीत साधारण 590 मिळवले की इसवी सन येतं. पैसा हाली सिक्क्याचा, तोही वेगळा. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपलं. तो आपला मुक्तीचा दिवस, त्याबद्दल दुमत नाही. पण कचेरीत बसलेल्या माणसाच्या बाजूनं पुढची वीस वर्षं जरा बघा. उर्दू गेली, मराठी आली. मोडी गेली, बाळबोध आली. फसली साल गेलं. हाली सिक्का गेला. 1 एप्रिल 1957 ला आणे-पै जाऊन नवे पैसे आले, सोळाचा हिशेब शंभरावर गेला. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आला. एकाच माणसाच्या नोकरीत भाषा, लिपी, साल, नाणं आणि राज्य एवढं सगळं बदललं. आजच्या भाषेत बोलायचं तर सगळी सिस्टीमच फॉरमॅट केली.

आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत उर्दूतला एक कागद आहे. शिक्का दिसतो, सही दिसते, आणि बाकीचं घरात कुणालाच वाचता येत नाही. मराठवाड्यात असे कागद घरोघर सापडतील. जमीन आपली, कागद आपला, आणि वाचायला मात्र दुसरा माणूस पाहिजे.

तरी लोकांनी जुनं सहजासहजी सोडलं नाही. दुष्काळ ठरवायची पद्धत सरकारनं 'पैसेवारी' केली, पण गावात आजही विचारतात, "आवंदा आणेवारी किती लागली?" आणा जाऊन साठाहून जास्त वर्षं झाली. पटवाऱ्याचा तलाठी झाला, आता पाटीवर ग्राम महसूल अधिकारी लिहिलंय. म्हातारी माणसं अजून पटवारीच म्हणतात.

सात आणि बारा

नव्या राज्यात सुरुवातीला एक गंमत होती. विदर्भाचा महसूल कायदा वेगळा, पश्चिम महाराष्ट्राचा वेगळा आणि आपला हैदराबादचा वेगळा. ते सगळे मिळून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 झाली आणि 15 ऑगस्ट 1967 पासून लागू झाली. 1971 मध्ये अधिकार अभिलेखाचे नियम आले. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, गाव नमुना बारा म्हणजे पीक काय. दोन्ही एका पानावर आले आणि त्याला लोकांनीच नाव दिलं सातबारा.

त्याच काळात मेट्रिक मापं आली. एकर-गुंठ्याच्या जागी हेक्टर-आर. यातली अडचण नुसत्या नावाची नव्हती, आकड्याच्या मांडणीची होती. जुन्या पानावर 2-20 लिहिलं की त्याचा अर्थ अडीच एकर, कारण चाळीस गुंठ्यांचा एकर. नव्या पानावर 2.20 लिहिलं की दोन हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास पाच एकर सतरा गुंठे. आकडे तेच, जागा तीच, आणि जमीन दुपटीहून जास्त. भावाभावांच्या वाटणीत असा गोंधळ झाला तर काय होतं ते मी सांगायला नको. आजही आपल्याकडं शेत विकताना कुणी हेक्टरमध्ये भाव सांगत नाही. कागद हेक्टरमध्ये, बोलणं एकरात, आणि मधलं गणित ज्याचं त्यानं करायचं.

हा इतिहास सांगायचं कारण एकच. कागदाची मांडणी ही वरवरची सजावट नसते. कुठल्या रकान्यात काय असतं हे डोळ्याला आणि बोटाला माहीत झालेलं असतं. वर्षानुवर्षं कमावलेलं ते ज्ञान असतं. मांडणी बदलली की ते एका दिवसात रद्दी होतं, आणि त्याची भरपाई कुणी देत नाही.

वेलांटी आधी की नंतर

आता माझ्या धंद्याकडं येतो. मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा मिनिटाला 30 आणि 40 शब्दांची. रेमिंग्टन मांडणीचं यंत्र. त्याच्यावर काही अक्षरांना स्वतंत्र कळ नव्हतीच. अर्धं अक्षर आणि त्याला काना, असं जोडून पुरं अक्षर व्हायचं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी दिसते. 'कि' टाइप करायचं तर आधी वेलांटी, मग क. हजारो पोरापोरींनी उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवून बोटांना हे वळण लावलं. नोकरी त्याच्यावर होती.

मग कॉम्प्युटर आले. पुण्याच्या सी-डॅकनं मराठी अक्षरं पडद्यावर आणली हे उपकारच. पण पुढं फॉन्टांचा नुसता बाजार झाला. कुणाचा कृतीदेव, कुणाचा शिवाजी, कुणाचं श्रीलिपी, कुणाचा सुरेख. एका टेबलावर टाइप केलेला ठराव दुसऱ्या टेबलावर उघडला की नुसता रोमन अक्षरांचा भुगा. पेनड्राइव्हवर फाइल न्यायची तर सोबत फॉन्टही न्यायचा. ही अडचण युनिकोडनं मिटवली. तो बदल योग्यच होता. आज तुम्ही ही पोस्ट मोबाइलवर वाचताय ती युनिकोडमुळंच.

पण त्याच्यासोबत इनस्क्रिप्ट कीबोर्ड आला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. शिकायला सोपा, शास्त्रशुद्ध, सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी. आणि वेलांटी? आता अक्षर आधी, वेलांटी नंतर. ज्यांची बोटं वीस वर्षं उलटं करत आली त्यांना 'शिकायला सोपा' म्हणून काय उपयोग? शिकलेलं विसरणं हे शिकण्याहून अवघड असतं. चाळीसच्या स्पीडनं टाइप करणारी माणसं एका बोटानं अक्षर हुडकताना मी पाहिलीत. त्यांना कुणी विचारलं नाही, 'तुम्ही किती वर्षं घालवली हे शिकायला?' नंतर जुनी मांडणी युनिकोडमध्येही चालवणारी साधनं मिळाली. मिळू शकत होती, म्हणजे पहिल्या दिवसापासून देता आली असती.

जगाची तक्रार आणि आपली तक्रार

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडंच होतं. तसं नाही. 2001 नंतर एमएस-सीआयटी गावोगाव पोचलं. सरकारी नोकरीला ते लागतं म्हणून सगळ्यांनी केलं. वर्डच्या डोक्यावर फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट अशी ओळ असायची. मास्तर पाठ करून घ्यायचे, प्रिंट कुठं, तर फाइलमध्ये. 2007 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टनं नवं ऑफिस बाजारात आणलं आणि ती ओळच काढून टाकली. तिच्या जागी रिबन नावाचा चित्रांचा पट्टा आला. 'फाइल' शब्द गायब, कोपऱ्यात एक गोल चिन्ह. लोकांना वाटायचं ते कंपनीचं बोधचिन्ह आहे, शोभेला ठेवलंय. प्रिंट आणि सेव्ह त्याच्याच पोटात होतं. वर आणखी फाइलचा प्रकारही बदलला. नव्या कॉम्प्युटरवरची फाइल जुन्यावर वेगळं काही टाकल्याशिवाय उघडंना. तालुक्याला नवं मशीन, गावात जुनं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

कंपनीचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. वर्डमध्ये इतक्या सोयी साठल्या होत्या की जुन्या ओळीत त्या मावत नव्हत्या आणि लोकांना सापडतही नव्हत्या. नव्यानं शिकणाऱ्याला रिबन बरा वाटतो, हेही मी पाहिलंय. पण जगभर ओरड झाली आणि 2010 च्या ऑफिसमध्ये 'फाइल' शब्द परत आला. 2012 च्या ऑक्टोबरात विंडोज 8 मध्ये स्टार्ट बटण काढलं, पुन्हा ओरड झाली, आणि 2013 च्या ऑक्टोबरात 8.1 मध्ये ते बटण परत दिलं. म्हणजे पैसे देणारं गिऱ्हाईक ओरडलं की एवढी मोठी कंपनीसुद्धा मागं येते.

आपल्या सरकारी पोर्टलांचं काय? तिथं आपण गिऱ्हाईक नाही. दुसऱ्या दुकानात जायची सोय नाही. जगात जर्मनी आणि भारतात परभणी म्हणायला ठीक आहे, पण इथल्या खिडकीवरची ओरड वर पोचत नाही. खिडकीतला कर्मचारी वर बोलू शकत नाही आणि बाहेरच्या शेतकऱ्याला वाटतं आतल्याच माणसाला येत नाही. भांडण दोघांत लागतं, बटण हलवणारा सुटतो.

सातबारा पडद्यावर

आता परत सातबाऱ्याकडं. जमिनीच्या नोंदी कॉम्प्युटरवर घ्यायची केंद्राची योजना 1988-89 ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातून वर्धा होतं. पुढं सगळ्या राज्यात काम झालं, ई-फेरफार आलं. 1 मे 2018 ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. पंधरा रुपयांत, घरबसल्या, कुणाच्या सहीसाठी चकरा न मारता. हा बदल खरोखर मोठा आहे. एका उताऱ्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून बसलेली माणसं मी पाहिलीत, म्हणून त्याची किंमत मला कळते. जुनं तेच सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

2020 च्या सप्टेंबरात खुद्द सातबाऱ्याचा नमुना बदलला. जवळपास पन्नास वर्षांनी. गावाचा कोड आला, खाते नंबर नावाच्या शेजारी आला, प्रलंबित फेरफार दिसायला लागला, शेवटच्या फेरफाराचा नंबर आणि तारीख आली. पूर्वी मयत माणसाच्या नावाला किंवा फिटलेल्या कर्जाला कंस करायचे, आता त्याच्यावर आडवी रेघ येते. बहुतेक बदल चांगलेच. पण गावात ज्यांचा डोळा कंसावर बसला होता त्यांना रेघेचा अर्थ कुणी सांगितला? माझ्याकडं लोक येऊन विचारायचे, "आमच्या बापाचं नाव खोडलंय, जमीन गेली का काय?" कागद बरोबर होता. भीतीही खरी होती.

मग 15 ऑगस्ट 2021 ला ई-पीक पाहणी राज्यभर आली. नमुना बाराचं पान शेतकऱ्याच्या हातात आलं. कल्पना चांगली. माझं पीक मीच नोंदवीन, घरी बसून कुणी कापसाच्या जागी सोयाबीन लिहिणार नाही. पण पुढं ॲपची आवृत्ती बदलली की जुनं काढा, नवं घ्या. पहिल्या वर्षी नातवानं शिकवलं, दुसऱ्या वर्षी नातू पुण्याला कामाला, आणि पडदा वेगळा. पीक नोंदलं नाही तर नुकसान भरपाईला अडचण, विम्याला अडचण, हमीभावाच्या खरेदीला अडचण. इथं बटण न सापडण्याची किंमत म्हणजे एका हंगामाचे पैसे.

माझा स्वतःचा एक अनुभव. खातं कोणतं ते लिहीत नाही. एका पोर्टलवर 'जतन करा' हे बटण उजवीकडं होतं. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात पडदा बदलला आणि त्याच जागी 'रद्द करा' आलं. बोट सवयीनं तिथंच गेलं. तासभर भरलेला अर्ज पुसला गेला. समोर बसलेली बाई मजुरी सोडून आली होती, तिला पुन्हा उद्या या म्हणावं लागलं. तिनं एक प्रश्न विचारला, "काल होतं तिथं आज ठेवायला काय हरकत होती?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. कुणाकडं असेल असं वाटतही नाही.

वाचणारा हरवला की

मांडणी बदलताना जुनं वाचणारा सांभाळला नाही तर काय होतं, हे आपण सगळ्यांनी 2023 ला पाहिलं. त्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी तपासायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही अशी जुनी दफ्तरं सोडली गेली. आरक्षणाचा वाद हा या पोस्टचा विषय नाही, कृपया तो इथं आणू नका. मला लागलेली गोष्ट वेगळी आहे. दफ्तर होतं, कागद होता, वाचणारा मिळंना. मोडी आणि उर्दू जाणणारी माणसं शोधून आणावी लागली. जी लिपी दोन-तीन पिढ्यांपूर्वी रोजच्या कामाची होती, ती वाचायला तज्ज्ञ लागला.

जुन्या फॉन्टातल्या फाइलींचं तेच व्हायला लागलंय. 2000 च्या आसपास टाइप केलेले ठराव, याद्या सीडीवर पडून असतील. सीडी लावायला मशीन नाही, फाइल उघडली तर भुगा. शंभर वर्षांचा उर्दू कागद निदान डोळ्यानं दिसतो तरी. आपला पंचवीस वर्षांचा कागद दिसतही नाही.

मग करायचं काय

बदल थांबवा असं कुणी म्हणत नाही. माझं म्हणणं बदल कसा करावा याबद्दल आहे. आणि त्याचा चांगला नमुना आपल्याकडंच झालेला आहे. 2017 ला कॉम्प्युटरवरचे सातबारे छापून गावोगाव चावडी वाचन झालं. नावं, क्षेत्र, बोजे सगळ्यांसमोर वाचले, लोकांनी चुका सांगितल्या, मग दुरुस्त्या झाल्या. सरकारनं मान्य केलं की गावाला विचारल्याशिवाय नोंद पक्की होत नाही.

आकड्यांचं चावडी वाचन झालं. पडद्याचं मात्र कधीच झालं नाही.

म्हणून चार साध्या मागण्या. एक, कुठल्याही सरकारी सॉफ्टवेअरची मांडणी बदलायच्या आधी ती दोन-चार गावांत खिडकीवर बसून वापरून बघा. शहरातल्या ट्रेनिंग हॉलमध्ये नाही, गर्दीच्या दिवशी, इथल्या नेटवर. दोन, जुना पडदा एक वर्ष शेजारी चालू ठेवा, ज्याला हवा त्यानं तो वापरावा. तीन, मुदतीच्या महिन्यात काहीही हलवू नका. पीक विमा, पीक पाहणी, पेरणीच्या तोंडावरचं कर्ज, हे दिवस सोडून बदल करा. आणि चार, काय कुठून कुठं गेलं याचा एका पानाचा मराठी कागद प्रत्येक खिडकीवर लावा. कंसाच्या जागी रेघ आली एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर कितीतरी माणसं रात्री नीट झोपली असती.

याला फार खर्च नाही. उलट आज जो खर्च होतोय तो कुठल्याच हिशेबात दिसत नाही, कारण तो बाहेर उभ्या माणसाच्या मजुरीतून आणि आतल्या माणसाच्या जागरणातून जातो.

आता तुमच्याकडं एक काम. घरात ट्रंकेत खासरा, पाहणी, उर्दू किंवा मोडीतला कागद असेल तर फेकू नका. चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा. गावात वाचणारं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याच्याजवळ बसून मराठीत उतरवून घ्या, आणि कुणी वाचून दिलं, कोणत्या तारखेला, तेही खाली लिहा. आणि ज्यांनी कचेरीत, पंचायतीत, शाळेत, बँकेत हे बदल अंगावर घेतलेत, त्यांनी कोणत्या साली कोणतं बटण हललं आणि त्यात किती दिवस गेले ते कॉमेंटमध्ये लिहा. नावं नकोत, खात्यावर चिखल नको, नुसतं साल आणि दिवस लिहा. पुरेसे जमले की त्याचंच निवेदन करून मी स्वतः परभणीला नेऊन देतो.